सर्कल साहेबांसाठी भरलेलं पाणी

मंत्र्याला प्रश्न विचारता येतो आणि त्याला त्याचं उत्तर द्यावंच लागतं, हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. मी चौथी पास. आमच्या पुस्तकात राजे होते, लढाया होत्या, नद्या आणि डोंगर होते. सभागृह नव्हतं. ते मला सासरी आल्यावर कळलं, आमची विहीर तारेच्या कुंपणात गेली तेव्हा.

आमचं गाव पवनेच्या काठी, पिंपरी स्टेशनापासून पायी जाण्यासारखं. स्वातंत्र्य मिळून पाच-सात वर्षं झाली असतील. सरकारने कारखाना बांधायला गावचा माळ आणि त्याला लागून असलेले मळे घेतले. जमिनीचं कुणाला काय मिळालं, कोण बुडालं, ते मी लिहीत नाही. त्यावर पुरुषांनी आयुष्यभर बोलून झालंय. विहिरीवर मात्र कुणी बोलत नाही, कारण पाणी बायका आणत होत्या.

गावाची पिण्याची विहीर त्यातल्याच एका मळ्यात होती. मळा गेला, त्याबरोबर विहीर गेली. एका सकाळी आम्ही घागरी घेऊन गेलो तर खांब रोवून तार ओढायचं काम चाललं होतं. बायकांनी मुकादमाला विचारलं, "आमी पाण्याला यायचं कुठनं?" तो म्हणाला, "मला खांब रोवायला सांगितलंय. पाण्याचं कुणी काय सांगितलं नाही." माणूस खोटं बोलत नव्हता.

त्या दिवसापासून नदी. पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ, उन्हाळ्यात धार इतकी बारीक की वाळूत खड्डा करून वाटीवाटीने घागर भरायची. आणि भरलेली घागर घेऊन दरड चढायची. दरड उभी होती, पाय ठेवायला मुरमाच्या पायऱ्या, त्याही दर पावसात वाहून जायच्या.

इथे एक गोष्ट लिहून टाकते, नाहीतर मागाहून कुणी विचारेल. गावकुसाबाहेरच्या वस्तीला ती विहीर कधीच नव्हती. ते लोक पिढ्यानपिढ्या नदीचंच पाणी प्यायचे, तेही आमच्या खालच्या अंगाला. आम्ही दरडीवर दिसायला लागलो तेव्हा त्यांच्यातली एक म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आलात का? या." एवढंच. त्यांच्यासाठी सभागृहात कुणी काही विचारलं नव्हतं. आम्हीही विचारायला सांगितलं नव्हतं.

आमच्या घरात सासरे, दोघे भाऊ आणि आम्ही दोघी जावा. सासू मी यायच्या आधीच गेली होती. सासऱ्यांना आम्ही मामंजी म्हणायचो. ते गावच्या पंचांपैकी एक, चावडीवर त्यांच्या शब्दाला मान. नवरा आणि दीर त्याच कारखान्याच्या बांधकामावर रोजाने जात होते. जमीन गेल्यावर दुसरं काय करणार होते?

जाऊ माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. तिला मी धाकटी म्हणायची, ती मला आक्का. तिचे दोन गर्भ आधी पडले होते. तिसऱ्या वेळी दिवस सरत गेले, पाच महिने झाले, सहा झाले. सुईण येऊन पोट बघून गेली आणि जाताना मला म्हणाली, "हिला दरड चढाय लावू नका. हे पोर टिकतंय. पर चढउतार केला तर मला बोलवायचं काम न्हाई." म्हणून मी दोघींच्या वाट्याचं पाणी आणत होते. मामंजी, दोन पुरुष, दोन बायका, एक म्हैस. दिवसाचा निम्मा वेळ माझा डोक्यावर चुंबळ ठेवूनच जायचा. धाकटी घरात बसून भाकरी थापायची आणि मी आले की तोंड चुकवायची. तिला वाटायचं मी चिडलेली आहे. चिडलेली होतेच, पण तिच्यावर नव्हे.

आमच्या भागाचे आमदार तेव्हा विरोधी बाजूचे होते. पुण्यात वकिली करत, गावोगाव सायकलवरून फिरत. एकदा ते चावडीवर आले. मामंजींनी विहिरीचं सगळं सांगितलं. मी चहा घेऊन गेले होते आणि भिंतीआड थांबले, म्हणून ऐकलं.

आमदार म्हणाले, "कलेक्टरला अर्ज दिलात?"

"दिला की. दोनदा."

"तो तिथेच पडून राहणार. मी सभागृहात प्रश्न टाकतो. लेखी द्यायचा असतो. अर्जाचं उत्तर दिलं नाही तर कुणी विचारत नाही, पण सभागृहातल्या प्रश्नाला मंत्र्याला उत्तर द्यावंच लागतं."

मामंजी म्हणाले, "आन् खोटं दिलं तर?"

आमदार हसले. "पाटील, खोटं उत्तर दिलं आणि ते उघडं पडलं तर मंत्र्याची खुर्ची हलते. म्हणून उत्तर द्यायच्या आधी ते खालून नीट माहिती मागवतात."

तिथेच त्यांनी कागद काढून प्रश्न मराठीत लिहिला आणि वाचून दाखवला. कारखान्यासाठी घेतलेल्या जमिनीत अमुक गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर गेल्यामुळे गावकऱ्यांचे हाल होत आहेत, हे खरे आहे काय? असल्यास, त्या विहिरीकडे जाण्यासाठी वाट ठेवण्याबाबत सरकारने काय केले आहे?

मला तो फार आवडला. आमची बोलणी कशी असायची? आधी रडणं, मग शिव्या, मग नशीब. हे मात्र दोनच वाक्यांत होतं आणि दोन्ही वाक्यं मंत्र्याच्या छातीवर बोट ठेवत होती. मी घरी येऊन धाकटीला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी आता तेनला सांगावंच लागंल?" मी म्हणाले, "लागेल." तिने बोटांवर महिने मोजले. विहिरीची वाट उघडली असती तर तिला दरडीचं तोंड बघायला लागलं नसतं, बाळंतपणाआधीही नाही आणि नंतर ओलं अंग घेऊनही नाही. तिचा सगळा जीव त्या दोन वाक्यांवर लागला.

आता प्रश्न मुंबईला गेला. पण मंत्र्याला आमची विहीर कुठून माहीत असणार? त्याने तो कलेक्टरकडे पाठवला. कलेक्टरने मामलेदाराकडे. मामलेदाराने सर्कलकडे. सर्कल म्हणजे पाच-पंचवीस गावांच्या तलाठ्यांवरचा साहेब. शेवटी तो प्रश्न फिरून आमच्याच गावात आला, कारण उत्तर आमच्याच गावात होतं. हे मला पुढे कळलं. तेव्हा गावाला एवढंच कळलं की कोतवाल दवंडी देऊन गेला: उद्या सर्कल साहेब पाण्याची पाहणी करायला येणार.

साहेब पाहणीला येणार म्हटलं की आमच्याकडे एकच रीत होती. रस्ते झाडायचे, ओटे सारवायचे, जनावरं मागे बांधायची, बायकांनी धुतलेलं लुगडं नेसायचं. पीक पाहायला साहेब आला तरी तेच, देवीची लस टोचायला आला तरी तेच. साहेब खूश होऊन गेला पाहिजे. खूश झाला तर गावाचं भलं लिहील, असं सगळे धरून चालायचे. त्यात आणखी एक होतं. त्या वर्षी गावात चार-पाच पोरं लग्नाची होती. सोयरीक जुळवायला आलेली माणसं आधी पाणी कुठनं भरता ते विचारायची. पाण्याचा ताप असलेल्या गावात कोण लेक देतंय? आणि इथे तर ते सरकारी कागदावर चढणार होतं.

संध्याकाळी नव्हे, दुपारीच पंच बसले आणि ठरलं. घराघरातली सगळी भांडी भरून ठेवायची.

मामंजी घरी आले आणि म्हणाले, "रांजण, हंडे, घंगाळं, समदं भरा. म्हशीचं टाकं बी भरा."

मी म्हणाले, "मामंजी, पाणी नाही म्हणून तर साहेब येतोय. भरून ठेवलं तर काय बघंल त्यो?"

"तुला काय कळतंय? कोरडं घर दावायचं का साहेबाला? पाण्याचा तांब्या द्यायला न्हाई आन् ह्यो पंच म्हणवतोय, असं म्हणंल. पाणी भरल्यालं दिसलं म्हंजी आमी कष्टाळू हाय हे दिसंल. विहिरीचं मी तोंडानं सांगतो की."

त्यांनी हे ठामपणे सांगितलं. वाईट मनाने नव्हे. त्यांची समजूत अशी की कागदावर तोंडाचं जातं, डोळ्यांचं नाही.

त्या दिवशी सगळं गाव दरडीवर होतं. म्हाताऱ्या, नव्या सुना, परकर सावरणाऱ्या पोरी, सगळ्या. वाळूतले खड्डे पुरेनात, म्हणून आणखी खणले. थट्टा चालली होती.

"एवढं पाणी कशाला गं? सर्कल अंघोळीला येतोय का?"

"येऊ दे की. पाठ कोण चोळणार, तू?"

"माझी सासू चोळंल. तिला लई हौस हाय."

सासू मागेच होती. तिने भरल्या घागरीतली ओंजळ सुनेच्या तोंडावर मारली आणि सगळ्या हसल्या. ते हसणं मला अजून ऐकू येतं, आणि बरं वाटत नाही.

मी तिसऱ्यांदा खाली उतरले तर धाकटी वाळूत बसून कळशी भरत होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "तुला कुणी बोलावलं? ऊठ, घरी जा."

"आक्का, रांजण अजून निम्मा बी न्हाई. तू एकली कवा भरणार? कळशीच हाय, हंडा न्हाई."

"सुईण काय म्हणाली ते इसरलीस?"

"समद्या बाया हायत्या. मी बसल्याली दिसले तर उद्या बोलतील, साहेब येणार हुता तवा बी ही राणी पलंगावर." मग हळूच म्हणाली, "आन् साहेबानं विहीर दिली तर मग काय, मी बसूनच ऱ्हाईन की."

मी तिची कळशी हिसकली नाही. हिसकून घ्यायला माझ्या कमरेवर आणि डोक्यावर जागा नव्हती. ती माझ्या पुढे चढत होती. अर्ध्यावर मुरमाची पायरी निसटली आणि ती गुडघ्यावर आली, मग कुशीवर. कळशी गडगडत खाली नदीपर्यंत गेली. ती उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "काय न्हाई झालं." घरापर्यंत चालत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्कल साहेब घोड्यावरून आले. माणूस सभ्य होता. घामाघूम झाला होता. मामंजींनी त्याला ओट्यावर घोंगडी अंथरून बसवलं, हातपाय धुवायला घंगाळभर पाणी दिलं. त्याने मनसोक्त पाय धुतले, मानेवर पाणी मारलं, दोन तांबे प्याला. मग तलाठ्याला घेऊन चार घरं फिरला. दार उघडं, आत रांजण काठोकाठ. दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्या घरात तर दारातल्या तुळशीलाही पाणी घातलेलं.

परत येऊन त्याने कागद काढला. मी आतल्या खोलीत धाकटीजवळ होते. रात्रीपासून तिच्या पोटात कळा येत होत्या. मधल्या भिंतीला धान्य ओतायचं भोक होतं, तिथून सगळं ऐकू येत होतं.

"हं, पंच, पाण्याचे हाल आहेत असा प्रश्न आलाय वरून. गावात पाणी आहे ना?"

"हाय की साहेब. पर ती विहीर..."

"विहिरीचं मागून. आधी एवढं सांगा. पाणी आहे की नाही? मला आत्ता रांजण भरलेले दिसले. मी डोळ्यांनी बघितलेलं खोटं लिहू का?"

मामंजी अडकले. आता नाही म्हणावं तर साहेबासमोर खोटे ठरणार, आणि भरलेले रांजण तर त्यांनीच भरायला लावलेले. बाकीचे पंच त्यांच्याकडे बघत होते.

"हाय साहेब. पाणी हाय."

"कुठून आणता?"

"नदी हाय. जवळच हाय."

"बारमाही?"

"व्हय."

साहेबांनी लिहिलं, वाचलं, पंचांचे अंगठे आणि मामंजींची सही घेतली. मामंजींना सही येत होती, त्याचा त्यांना अभिमान होता. विहिरीचं मागून विचारलंच नाही. प्रश्नाच्या पहिल्या भागाचं उत्तर 'नाही' असं झालं की दुसरा भाग उरत नाही, हे साहेबाला माहीत होतं, आम्हाला नव्हतं. निघताना त्याने धाकटीचं कण्हणं ऐकलं. "आत कुणी आजारी आहे का?"

"न्हाई साहेब. बाईमाणूस हाय. पोट दुखतंय जरा."

घोडा वेशीबाहेर गेला त्यानंतर थोड्याच वेळाने ती मोकळी झाली. मुलगी होती. केस होते, नखं होती, श्वास नव्हता. सुईणीला मी बोलावलं होतं. ती आली. नाळ कापली, दाराशी हात धुतले, रांजणाकडे बघितलं आणि गेली. दिराने पोर फडक्यात गुंडाळून नेलं. पुरून आला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेला, कारण रोज बुडवला तर नाव कापायचे.

पुढे महिना-दीड महिन्याने आमदार आले. त्यांच्याकडे छापील कागद होता, इंग्रजीत. शाळेतल्या गुरुजींना बोलावून त्यांनी तो सगळ्यांसमोर मराठीत सांगायला लावला. स्वतः सांगू शकले असते. पण त्यांना ते गावाच्या कानावर गावाच्याच माणसाच्या तोंडून घालायचं होतं, असं मला वाटलं. गुरुजींनी आधी प्रश्न वाचला. मग उत्तर.

"पहिल्या भागाचं उत्तर, नाही. गावात पाण्याची पुरेशी सोय असल्याचं गावकऱ्यांनी स्वतः सांगितलं आहे. दुसऱ्या भागाचं उत्तर, प्रश्न उद्भवत नाही."

कुणीतरी विचारलं, "म्हंजी काय?"

गुरुजी म्हणाले, "म्हणजे पाणी आहे, तर वाट कशाला?"

आमदार चिडलेले होते. म्हणाले, "तोंडी उत्तर असतं तर मी उठून उलट विचारलं असतं. पण आमच्या प्रश्नाचा नंबर यायच्या आत प्रश्नोत्तरांचा तास संपला. राहिलेल्या प्रश्नांची उत्तरं लेखी मिळतात, आणि लेखी उत्तरावर तिथल्या तिथे काही विचारता येत नाही. पण समजा नंबर लागला असता, तरी मी काय म्हणणार होतो? मंत्र्याने तुमचे अंगठे दाखवले असते. मी कुणाच्या जोरावर भांडू? मला सांगा, कुणाच्या जोरावर?"

त्यांनी गुरुजींच्या हातून कागद परत घेतला.

"आता एकच करता येईल. पंचांनी लिहून द्या, की तो जबाब चुकीचा होता, भांडी त्या दिवसापुरती भरली होती. मी पुन्हा विचारतो."

मामंजी म्हणाले, "सही केल्याली माघारी घिऊ म्हनता? थुकल्यालं चाटू? आन् पोरं कारखान्यात कामाला हायती. आमी सरकारला खोटं सांगितलं असं लिवून दिलं तर उद्या पोरांना दारातनं हाकलतील."

बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यांची पोरंही तिथेच होती. आमदार कागदाची घडी करून सायकलवर बसले.

घरी आल्यावर मी धाकटीला सगळं सांगितलं. ती चुलीपुढे होती. भाकरी तव्यावरून काढून म्हणाली, "आक्का, तू लिवतीस का? मी सांगते."

मी लिहिलं. मला जड शब्द येत नव्हते, तिला सांगता येत नव्हते, त्यामुळे ते साधंच झालं. साहेब येणार म्हणून आम्ही सगळ्या बायांनी नदीवरून पाणी भरलं. विहीर असती तर दरड चढावी लागली नसती. मी पडले. माझं पोर मेलेलं जन्मलं. घरातलं पाणी त्या दिवसापुरतं होतं. तिने खाली अंगठा उठवला आणि मी माझं नाव साक्षीला घातलं. चिंचवडला गणपतीला जातो सांगून आम्ही दोघी चालत गेलो. तिथे आमदारांची सभा होती, हे मला गुरुजींकडून कळलं होतं. कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाले, "विचारतो."

येताना धाकटी झपझप चालत होती. पोर गेल्यापासून मी तिला तशी चालताना बघितलं नव्हतं. म्हणाली, "तिथं मोठ्यांदा वाचत्यात ना गं? नाव घेत्यात का?" मी म्हणाले, "नाव घेत नसतील." "नसंना. पर झालं ते तर सांगतील." तिला वाट हवीच होती, पण आता त्याहून मोठी गोष्ट ही झाली होती. जे आमच्या घरात कुणी बोलत नव्हतं, ते त्या सभागृहात मंत्र्याच्या तोंडावर बोललं जावं.

ते झालं नाही. आमदार शाळेत आले आणि गुरुजींनी आम्हाला बोलावून घेतलं. आमदार खाली बघून म्हणाले, "बाई, तो प्रश्न स्वीकारला गेला नाही. एका माणसाच्या गाऱ्हाण्यावर प्रश्न घेत नाहीत. नियम आहे. सार्वजनिक महत्त्वाचा असावा लागतो."

धाकटीने विचारलं, "मंग कितीजणींचं व्हाय पायजे, साहेब?"

आमदारांनी तिचा कागद पुन्हा उलगडला. त्यांना वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. वाईट वाटण्यात ते कुणापेक्षा कमी नव्हते.

त्यांनी प्रश्न पुन्हा लिहिला. त्यात ती नव्हती, पोर नव्हतं. नदीवरून पाणी आणताना काही स्त्रियांना इजा झाल्याचे सरकारच्या नजरेस आले आहे काय, एवढंच होतं. तो स्वीकारला गेला. आणि तो पुन्हा त्याच वाटेने खाली आला: कलेक्टर, मामलेदार, सर्कल, आमचा ओटा.

या वेळी कुणी भांडी भरली नाहीत. साहेब चहा प्याला आणि त्याने विचारलं, "काही स्त्रियांना इजा झाली म्हणतात. खरं आहे?"

धाकटी दारात येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा. "व्हय साहेब. मला झाली. पाणी न्हाई आमच्यात."

साहेबाने तिच्याकडे बघितलं, मग मामंजींकडे. "मला पंचांचा जबाब घ्यायचाय. काय म्हणता पंच?"

मी मामंजींकडे बघत होते. त्यांना सगळं माहीत होतं. रांजण भरायला त्यांनीच सांगितलं होतं, सुनेचं कण्हणं त्यांनी कानांनी ऐकलं होतं, नातीचं गाठोडं त्यांच्या पुढ्यातून गेलं होतं. एक शब्द पुरे होता. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"मागं सांगितलं तेच. बदल न्हाई." मग दाराकडे न बघता म्हणाले, "तिचं पोर गेलंय साहेब. तवापासनं डोकं ठिकाणावर न्हाई. मनावर घिऊ नका."

धाकटी आत आली आणि तवा चुलीवर ठेवला. त्या दिवसापासून ती मामंजींशी कधी बोलली नाही. जेवायला वाढायची, औषध द्यायची, शेवटच्या आजारात त्यांचं सगळं तिने काढलं. पण शब्द नाही. त्यांनीही कधी मागितला नाही.

या वेळचं उत्तर थोडं वेगळं आलं. अशी इजा सरकारच्या नजरेस आलेली नाही. विहिरीकडे जाणाऱ्या वाटेची बाब विचाराधीन आहे. आमदार म्हणाले, विचाराधीन म्हणजे नाही म्हणालेले नाहीत, पुढच्या अधिवेशनात मी पुन्हा टोचतो. पण पुढे सभागृहाची मुदतच संपली आणि निवडणुका लागल्या. सभागृह मोडलं की त्याच्यापुढे पडलेले प्रश्नही मोडतात, असं गुरुजींनी सांगितलं. मला ते आधी खरं वाटलं नाही. प्रश्न कागदावर होते, आम्ही जिथल्या तिथे होतो, नदी जिथल्या तिथे होती.

त्याच सुमाराला नवरा आणि दीर संध्याकाळी कामावरून आले आणि जेवायला बसले. धाकटीने विचारलं, "आज काय काम हुतं?"

दीर म्हणाला, "भराव."

"कुठं?"

त्याने घास तसाच हातात धरला. माझ्या नवऱ्याने सांगितलं, "विहिरीत. तिथं गोदाम यायचं हाय. दगड आन् मुरूम टाकत हुतो. उद्याच्याला व्हईल पुरं."

धाकटीने त्यांना आमटी वाढली.  बोलून उपयोग काय होता? त्यांनी नाही टाकले तर दुसऱ्यांनी टाकले असते. तो रोज त्यांचा होता.

निवडणुकीच्या प्रचारात आमदार घरोघर फिरत होते. आमच्याकडे आले तेव्हा मामंजी ओट्यावर होते, पुरुष कामावर. धाकटी अंगणात शेण्या थापत होती. आमदारांनी हात जोडले आणि तिला म्हणाले, "बाई, मी दोनदा विचारलं. तुम्हाला माहीत आहे."

ती उठली नाही. शेणाने भरलेल्या हातांनी पदर सावरला. "विचारलं तुमी, व्हय. लई चांगलं विचारलं. पर उत्तर ह्याच वट्यावरनं गेलं, साहेब. मंत्र्याला कशाला धरता?"

मामंजींनी ऐकलं. आमदारांनी त्यांना नमस्कार केला आणि पुढच्या घराकडे वळले.

मतदानाच्या दिवशी आम्ही दोघी शाळेत गेलो. रांग मोठी होती, ऊन होतं. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची. ती माझ्या आधी आत गेली आणि लगेच बाहेर आली. तिने कुणाच्या पेटीत मत टाकलं, ते मी तिला विचारलं नाही.